‘पित्त’ या शब्दाआडचे खडे : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

मराठी बोलण्यात ‘पित्त’ या एकाच शब्दावर अनेक व्याधींचा भार पडलेला आहे. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले, सकाळी उठताच डोके धरले, कडू ओकारी झाली किंवा अंगावर लाल गांधी उठल्या, तरी या साऱ्यांचे निदान घरातल्या घरात ‘पित्त झाले’ एवढ्या दोन शब्दांत उरकले जाते. कोकणात तर त्यावरचा उपायही हाताशी असतो. आमसुलाचे पाणी, कोकम सरबत किंवा वाटीभर सोलकढी घेतली की बरे वाटते असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे आणि साध्या आम्लपित्तापुरता तो बराचसा खराही आहे. परंतु जेवणानंतर दोन तासांनी उजव्या बरगडीखाली उठणारी आणि पाठीतून खांद्यापर्यंत जाणारी कळ जेव्हा याच शब्दाखाली झाकली जाते, तेव्हा पित्ताशयातील खडे वर्षानुवर्षे अंगात राहतात आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते ती ताप, कावीळ किंवा सूज आल्यानंतर, घाईघाईत. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया ही आज जगात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक असून ती नियोजन करून, पूर्वतयारीने केल्यास बहुतेकांना सुखरूप पार पडते. म्हणूनच तिची खरी तयारी रुग्णालयात दाखल होण्याच्या दिवशी सुरू होत नाही, तर ‘पित्त’ म्हणजे नेमके कोणते पित्त, या प्रश्नापासून सुरू होते.

पित्ताशय काय करते

यकृत, म्हणजे पोटाच्या उजव्या वरच्या भागात बरगड्यांच्या आड असलेला मोठा अवयव, दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतो. हा हिरवट-पिवळा, कडू रस आम्ल नसतो; उलट तो किंचित क्षारधर्मी असतो आणि साबणाने तेलकट भांडे सुटावे तसे अन्नातील स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करून ते पचण्याजोगे करतो. छातीत जळजळ करणारे आम्ल जठरात तयार होते आणि पित्तरस यकृतात, हा भेद एकदा ध्यानात आला की पुढचे पुष्कळसे गैरसमज आपोआप दूर होतात. यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेली, लहानशा वांग्याच्या आकाराची, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी म्हणजे पित्ताशय. तिच्यात तीस ते पन्नास मिलिलीटर पित्तरस मावतो, तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन तो दाट होतो, आणि तेल-तुपाचे अन्न लहान आतड्यात पोहोचताच पित्ताशय आकुंचन पावून हा साठा पित्तनलिकेवाटे आतड्यात सोडते.

रत्नागिरी शहराच्या समुद्रकडेला वसलेल्या, काळसर वाळूच्या किनाऱ्यासाठी आणि जेट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मांडवीच्या नावातच ही रचना समजावून देणारा दाखला सापडतो. मांडवी या शब्दाचा जुना अर्थ जकातीची जागा असा आहे. बाहेरून आलेला माल अशा ठिकाणी उतरतो, थांबतो आणि मागणीप्रमाणे बाजारपेठेकडे जातो. यकृताला माल पाठवणारे ठिकाण आणि आतड्याला बाजारपेठ मानले, तर पित्ताशय हे वाटेवरचे गोदाम ठरते. गोदाम बंद झाले तरी माल यायचा थांबत नाही; तो साठून न राहता थोडा थोडा थेट बाजारात पोहोचतो. पित्ताशय काढल्यावर शरीरात नेमके हेच घडते आणि म्हणूनच या अवयवावाचून माणूस सामान्य आयुष्य जगू शकतो. घोडा आणि हत्ती या प्राण्यांना तर निसर्गतःच पित्ताशय नसते.

खडे का होतात, आणि कळ कशी ओळखावी

पित्तरसात कोलेस्टेरॉल, पित्तक्षार आणि रक्तातील तांबड्या पेशींच्या विघटनातून आलेले बिलिरुबिन नावाचे रंगद्रव्य असते. कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले किंवा पित्ताशय पुरेसे रिकामे होईनासे झाले की त्याचे स्फटिक धरतात आणि पिवळसर, हलके खडे तयार होतात. रंगद्रव्य साचले तर काळे, ठिसूळ खडे होतात, जे कधी कधी मांडवीच्या वाळूसारखे बारीक असतात, तर कधी मिरीच्या दाण्याएवढे. उत्तर भारतात कोलेस्टेरॉलचे आणि दक्षिणेत रंगद्रव्याचे खडे अधिक आढळतात. स्त्रियांमध्ये, विशेषतः गरोदरपणानंतर, लठ्ठपणात, मधुमेहात, वाढत्या वयात आणि आईवडिलांना खडे असल्यास त्यांची शक्यता वाढते. कडक उपासांनी किंवा अघोरी आहारनियमांनी थोड्या आठवड्यांत पुष्कळ वजन उतरवणाऱ्यांनाही खडे होतात, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

पित्तखड्याची कळ बहुधा जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री येते, पोटाच्या मध्यभागी वरच्या बाजूस किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागते, वेदना उजव्या खांद्याच्या पात्याकडे सरकते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि मळमळ किंवा उलटी तिच्या सोबतीला असते. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा आम्लपित्ताची गोळी घेऊन ती थांबत नाही, हा तिचा महत्त्वाचा विशेष होय. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकून राहिला तर पित्ताशयाला सूज येते आणि ताप चढतो. तो घसरून मुख्य पित्तनलिकेत उतरला तर कावीळ होते, लघवी गडद व शौचाचा रंग फिकट होतो. आणि त्याच वाटेवर उघडणाऱ्या स्वादुपिंडाच्या नळीला अडथळा झाला तर स्वादुपिंडाचा दाह होतो, जो जिवावर बेतू शकतो. पन्नाशीच्या पुढे अशीच वरच्या पोटातली कळ हृदयविकाराचीही असू शकते, त्यामुळे पहिल्याच वेळी घरगुती उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जाणे हेच शहाणपणाचे ठरते.

निदानासाठी उपाशीपोटी केलेली पोटाची सोनोग्राफी ही सर्वांत सोपी आणि भरवशाची तपासणी आहे. तिच्यात खडे दिसले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे मात्र नाही. ज्यांच्या पित्ताशयात खडे असतात त्यांच्यापैकी बहुसंख्यांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही आणि असे ‘मुके’ खडे बहुधा तसेच राहू दिले जातात. फार मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साचलेला चुना, एक सेंटिमीटरहून मोठी गाठ किंवा रक्तपेशी लवकर फुटण्याचा आजार असल्यास निर्णय वेगळा असतो. एकदा खरी कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याचा संभव मोठा असतो, आणि तेव्हा खडे नव्हे तर खड्यांसह पित्ताशयच काढले जाते, कारण नुसते खडे काढल्यास ते पुन्हा तयार होतात.

या ठिकाणी कोकणातील आणखी एका समजाचा विचार करणे आवश्यक आहे. मुतखड्यावर कुळथाचा काढा आणि भरपूर पाणी हा उपाय घरोघरी माहीत आहे, आणि ‘खडा’ हा शब्द समान असल्यामुळे तोच उपाय पित्तखड्यावरही केला जातो. परंतु मूत्रपिंडातला खडा लघवीच्या वाटेने बाहेर पडू शकतो, तर पित्ताशयातला खडा हलला की तो पित्तनलिकेत अडकण्याची भीती असते. प्यायलेले पाणी त्या वाटेने जातच नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचावाटे पडणारे हिरवट गोळे हे खडे नसून त्या तेलाचेच आतड्यात झालेले साबणासारखे गोळे असतात. खडे विरघळवणारे औषध उपलब्ध आहे, पण ते फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, कित्येक महिने घेतल्यावर काहीसे लागू पडते आणि ते थांबवल्यावर खडे पुष्कळदा परततात. कुळथाचे पिठले भाताबरोबर जरूर खावे. त्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया मात्र लांबवू नये.

बर्लिनपासून जे.जे. रुग्णालयापर्यंत

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात १५ जुलै १८८२ रोजी केली. पित्ताशयात खडे आहेत म्हणून नव्हे, तर पित्ताशयच खडे निर्माण करते म्हणून ते काढावे, हा त्यांचा विचार आजही या उपचाराचा पाया आहे. त्यानंतर शंभर वर्षे ही शस्त्रक्रिया उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊन होत असे आणि रुग्णाला अनेक दिवस रुग्णालयात व अनेक आठवडे घरी काढावे लागत. १९८५ मध्ये जर्मनीतील एरिश म्यूहे यांनी पोटात दुर्बीण घालून पित्ताशय काढले, आणि भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली. त्याआधी जवळजवळ वीस वर्षे, १९७२ पासून, ते याच सार्वजनिक रुग्णालयात दुर्बिणीने पोटाची तपासणी करत होते आणि हे तंत्र श्रीमंतांच्या रुग्णालयांपुरते न राहता लहान गावांतल्या शल्यचिकित्सकांच्या हाती जावे यासाठी त्यांनी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले. २०१७ मध्ये पद्मभूषणने गौरवलेल्या या शल्यविशारदांचे जानेवारी २०२३ मध्ये निधन झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी आज चार लहान छेदांत ही शस्त्रक्रिया होऊ शकते, यामागे अशा प्रयत्नांचे मोठे श्रेय आहे.

रत्नागिरीकरांपुरते पाहता, पूर्वी अशा कामासाठी मुंबईची किंवा आंबा घाट ओलांडून कोल्हापूरची वाट धरण्याची रीत होती आणि पुष्कळ कुटुंबे अजूनही तसेच करतात. शहरात जिल्हा शासकीय रुग्णालय असून २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, तर चिपळूण तालुक्यात डेरवण येथे वालावलकर रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. घराजवळ शस्त्रक्रिया झाल्यास टाके दाखवायला, तक्रार उद्भवल्यास तातडीने परत जायला आणि सोबतीला माणूस मिळायला सोपे जाते, हा लाभ निर्णय घेताना हिशेबात धरावा. खर्चाची चिंता असलेल्या कुटुंबांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची आणि आयुष्मान भारत योजनेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी. योजनेतील रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेखाली होते आणि त्यासाठी शिधापत्रिका, आधार कार्ड यांपैकी काय लागते, हे सांगतात. दाखल झाल्यानंतर कागदपत्रांसाठी धावाधाव करण्यापेक्षा ही चौकशी आधी झालेली बरी.

शस्त्रक्रियेआधीचे दिवस

ही शस्त्रक्रिया पूर्ण भुलीखाली होत असल्याने भूलतज्ज्ञांची तपासणी हा पूर्वतयारीचा मुख्य भाग असतो. रक्तातील हिमोग्लोबिन व पेशींची मोजणी, साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या कार्याच्या चाचण्या, रक्त गोठण्याची चाचणी, रक्तगट, हृदयाचा आलेख आणि गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे किंवा हृदयाची सोनोग्राफी एवढ्या तपासण्या साधारणपणे सांगितल्या जातात. यकृताच्या चाचण्यांत बिलिरुबिन वाढलेले आढळले किंवा सोनोग्राफीत पित्तनलिका रुंद दिसली, तर नलिकेत खडा उतरल्याची शंका घेऊन एमआरसीपी नावाची विशेष तपासणी करतात. खडा सापडल्यास तो बहुधा आधी तोंडावाटे एन्डोस्कोप घालून काढला जातो आणि पित्ताशय त्यानंतर काढले जाते. २०२१ च्या मार्चअखेरीस ज्येष्ठ नेते शरद पवार यांना पोटदुखीमुळे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हा हाच क्रम पाळला गेला : प्रथम एन्डोस्कोपीने नलिकेतील खडा काढला गेला, मधले काही दिवस विश्रांती दिली गेली आणि एप्रिलच्या मध्याला पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. ते घेत असलेले रक्त पातळ करणारे औषध त्या काळात थांबवण्यात आल्याचेही तेव्हा जाहीर करण्यात आले होते.

औषधांची ही बाब प्रत्येक रुग्णाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे. हृदयविकार, पक्षाघात किंवा स्टेंटनंतर दिलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, काही चालू ठेवाव्या लागतात, आणि हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. शेजाऱ्याने बंद केली म्हणून आपलीही बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच न सांगता ती घेत राहणेही. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी थांबवतात, इन्सुलिनची मात्रा बदलतात, तर रक्तदाबाची ठरावीक गोळी त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. आयुर्वेदिक काढे, चूर्णे आणि दुकानातून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचीही नोंद डॉक्टरांना द्यावी, कारण ‘ते काही औषध नव्हे’ असे समजून ती सांगायची राहून जाते. रोज घ्यायच्या सर्व औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून तपासणीला नेणे ही सर्वांत सोपी आणि चुका टाळणारी पद्धत होय.

विडी, सिगारेट आणि तंबाखू शक्य तितक्या लवकर, चार आठवडे आधी मिळाले तर फारच चांगले, बंद करावी; धूम्रपानाने फुप्फुसांत कफ वाढतो, भुलीनंतर खोकला येतो आणि जखम भरायला वेळ लागतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची मशेरी ही सवय म्हणून मोजली जात नाही, पण तीही तंबाखूच आहे आणि भूलतज्ज्ञांना ती सांगायलाच हवी. या दिवसांत तळलेले मासे, वडे, जास्त तेलातुपाचे जेवण टाळल्यास मधल्या काळात पुन्हा कळ येण्याची शक्यता घटते. रोज थोडे चालणे आणि दीर्घ श्वसनाचा सराव यांचा फायदा शस्त्रक्रियेनंतर दिसतो. घरी परतल्यावर पहिला आठवडा पाणी भरणे, गॅसचे सिलिंडर हलवणे, लहान मूल कडेवर घेणे ही कामे कोण करणार, हे आधीच ठरवून ठेवावे. घरची कर्ती बाईच रुग्ण असते तेव्हा तर हे ठरवल्याविना तिला विश्रांती मिळत नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस

आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणाने स्वच्छ अंघोळ करावी आणि बेंबी नीट साफ करावी, कारण दुर्बिणीचा एक छेद तेथेच असतो. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. त्वचेला पडणाऱ्या बारीक चिरांतून जंतुसंसर्ग होतो, म्हणून गरज असल्यास ते काम रुग्णालयातच यंत्राने केले जाते. हलके जेवण किंवा दूध सहा तास आधी, तळलेले व जड अन्न आठ तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असा सर्वसाधारण दंडक असला तरी आपल्या रुग्णालयाने सांगितलेली वेळच पाळावी. भुलीत घशाचे संरक्षण करणाऱ्या क्रिया थांबतात आणि जठरातले अन्न श्वासनलिकेत उतरू शकते, हे त्यामागचे कारण होय. दुधाचा चहा हे पाणी नव्हे. ‘नुसता घोटभर चहा’ घेतल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागू शकते. नखांचा रंग उतरवावा, कारण रक्तातील प्राणवायू मोजणारी चिमटी बोटाच्या टोकाला लावतात. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, कवळी आणि दागिने घरच्यांच्या हाती द्यावेत. मंगळसूत्र उतरवताना पुष्कळ स्त्रियांच्या मनाला जड जाते, परंतु शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणे वापरली जातात आणि अंगावरच्या धातूने भाजण्याची शक्यता असते, हे आधी समजावून सांगितले तर त्या क्षणी दडपण येत नाही.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे आणि न कळलेले विचारावे. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया सूज किंवा चिकटलेल्या भागांमुळे मोठ्या छेदाने पूर्ण करावी लागू शकते, असे त्यात लिहिलेले असते. तो निर्णय अपयशाचा नसून रुग्णाच्या सुरक्षेचा असतो. प्रत्यक्षात बेंबीजवळ आणि उजव्या बाजूस पाच ते दहा-बारा मिलिमीटरचे बहुधा चार छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरला जातो, त्यामुळे आत काम करायला जागा मिळते. पित्ताशयाला जोडलेली नळी आणि त्याची रोहिणी या दोनच रचना पित्ताशयाकडे जात आहेत याची खात्री झाल्याशिवाय काहीही कापायचे नाही, हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे, कारण चुकून मुख्य पित्तनलिकेला इजा होणे ही तिच्यातली विरळा पण गंभीर गुंतागुंत होय. त्यानंतर चिमटे लावून पित्ताशय सोडवतात, पिशवीत घालून छेदातून बाहेर काढतात आणि सारे काम अनेकदा तासाभरात संपते. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना बाटलीत काढून दाखवलेले खडे पाहून सारा आजार तेवढाच होता असे वाटते. पण पित्ताशयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवलेला असतो आणि त्याचा अहवाल खड्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा असतो, कारण क्वचित आढळणारा कर्करोग त्यातच कळतो. तो अहवाल मागून घेऊन डॉक्टरांना दाखवणे कधीही चुकवू नये.

बरे होण्याचा काळ

शुद्धीवर आल्यावर अनेक रुग्णांचा उजवा खांदा दुखू लागतो आणि पोटाची शस्त्रक्रिया होऊन खांदा कसा दुखतो, अशी भीती वाटते. पोटात भरलेल्या वायूचा उरलेला अंश श्वासपटलाला चाळवतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने वेदना खांद्यावर जाणवते. एक ते तीन दिवसांत, विशेषतः हळूहळू चालू लागल्यावर, ती ओसरते. काही तासांनी घोट घोट पाणी, मग पातळ पदार्थ, आणि त्याच संध्याकाळी आधार घेऊन खोलीत चालणे हा आजचा क्रम आहे. पाय हलते राहिल्याने रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत आणि आतडी लवकर कामाला लागतात. खोकताना किंवा हसताना पोटावर उशी दाबून धरल्यास छेदांवर ताण येत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेनंतर हा काळ अधिक असतो आणि पूर्ववत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात.

आहाराविषयीची भीती वास्तवाहून मोठी असते. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचे वरण, ताक, उकडलेल्या भाज्या, केळे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कमी तेलाची माशाची आमटी या पदार्थांनी सुरुवात करून थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा खावे. ओल्या खोबऱ्याचे घट्ट वाटण, नारळाच्या दुधाचे पदार्थ, तळलेली सुरमई किंवा बांगडा, वडे आणि तूप हे पहिले दोन-तीन आठवडे जपून ठेवावेत, कारण आता साठवलेला दाट पित्तरस नसल्यामुळे एकदम आलेला स्निग्ध भार पेलायला आतड्याला वेळ लागतो. त्यानंतर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात सुरू करून पाहावा. बहुतेकांना दोन महिन्यांच्या आत घरातले नेहमीचे जेवण जेवता येते आणि आयुष्यभराचे कडक पथ्य लागत नाही. काहींना सतत वाहणाऱ्या पित्तरसामुळे काही आठवडे शौच पातळ होते. ते बहुधा आपोआप थांबते, न थांबल्यास त्यावर औषध आहे. उलट, वेदनाशामक गोळ्यांमुळे मलावरोध झाला तर जोर करू नये, पाणी आणि तंतुमय पदार्थ वाढवावेत.

जखमेवरची पट्टी सांगितलेल्या दिवसापर्यंत कोरडी ठेवावी आणि अंघोळ डॉक्टरांनी सांगितल्यानंतर, साधारणपणे दोन दिवसांनी, जखम चोळून न धुता करावी. कोकणच्या पावसाळ्यात कपडे ओलसर राहतात आणि उन्हाळ्यात घामाने पट्टी भिजते. अशा वेळी सैल सुती कपडे वापरणे आणि ओली पट्टी ताबडतोब बदलणे ही लहानशी काळजी संसर्ग टाळते. मांडवीच्या किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यात उतरणे छेद पूर्ण भरेपर्यंत वर्ज्य समजावे. बैठे काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येते. दुचाकी मात्र झोप आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबल्यावर आणि अचानक ब्रेक दाबताना पोटात दुखत नाही याची खात्री झाल्यावरच चालवावी. पाण्याची घागर, मासळीची डोक्यावरची पाटी, जाळी ओढणे, भातलावणी किंवा नारळाच्या झाडावर चढणे अशी ताणाची कामे साधारण महिनाभर टाळावीत, कारण घाई केल्यास छेदाच्या जागी हर्निया होण्याचा धोका असतो. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला महिना बसून काढणे कठीण असते; म्हणूनच शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेची तारीख कामाचा हंगाम पाहून ठरवावी.

काही लक्षणे मात्र घरी थांबून पाहण्याची नव्हेत. ताप किंवा थंडी वाजणे, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे, सारख्या उलट्या, डोळे पिवळे होणे, गडद लघवी, जखमेतून पू किंवा हिरवट द्रव येणे, एका पोटरीला सूज व दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण पित्तगळतीसारखी गुंतागुंत बहुधा पहिल्या आठवड्यात प्रकट होते आणि लवकर कळल्यास तिच्यावर उपाय होतो. तीन-चार आठवड्यांनी, सारे ठीक झाले असे वाटत असताना, छेदाच्या जागी गाठ येऊन द्रव झरू लागला तर तो क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतील जंतूंचा संसर्ग असू शकतो. नेहमीच्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी तो जात नाही, त्यासाठी द्रवाची तपासणी करून वेगळा आणि लांबचा उपचार करावा लागतो.

शेवटी पुन्हा त्या एका शब्दाकडे येणे भाग आहे. पित्ताशय काढल्यावर खड्यांची कळ थांबते, परंतु छातीतली जळजळ, आंबट ढेकर आणि अंगावर उठणाऱ्या गांधी थांबतील अशी अपेक्षा धरली तर निराशा होते, कारण त्यांचा उगम पित्ताशयात नसतोच. ‘ऑपरेशन केले तरी पित्त जात नाही’ ही तक्रार पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या दोषातून नव्हे, तर या शब्दाच्या घोटाळ्यातून जन्माला येते. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या प्रत्येकाने, आपल्या कोणत्या तक्रारी खड्यांमुळे आहेत आणि कोणत्या नाहीत, हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारून घ्यावे. आणि ज्या घरात कोणाला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार कळ येते, त्या घराने सोलकढीची वाटी पुढे करण्याबरोबरच एकदा उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्यावी. ती काही मिनिटांत होते आणि पोटातले पित्त कोणते, याचे उत्तर देते.